थोडं डावीकडे

आमच्या घरात माणसं चार आणि पाचवी पिशवी. सासूबाई, हे, मुलगी, मी आणि गरम पाण्याची ती रबरी पिशवी. पुढे सासूबाई गेल्या, मुलगी नोकरीला हैदराबादला गेली, पिशवी मात्र राहिली. घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त काळ ती माझ्या पोटाशी झोपली आहे.

पहिली पिशवी करोल बागेतली. नणंदेच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो. लग्न नवीन, दिल्लीही नवीन. दुकानाच्या जिन्यातच माझ्या ओटीपोटात डावीकडे ओला टॉवेल पिळावा तशी कळ आली आणि मी पायरीवर बसले. ह्यांना वाटलं, चप्पल तुटली. "दे इकडे, समोर मोची आहे," म्हणून माझ्या पायातली धडधाकट चप्पल काढून घेऊन निघालेसुद्धा. मी मान हलवून पोटावर हात ठेवला. तेव्हा ते असे लाल झाले की दुखतंय कुणाला असा प्रश्न पडावा. बायकोच्या पोटाबद्दल चारचौघांत बोलायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. एका हातात माझी चप्पल तशीच ठेवून ते पळत केमिस्टकडे गेले आणि ही लाल पिशवी घेऊन आले. दुकानदार भला होता. त्यानं शेजारच्या चहाच्या टपरीवरून उकळतं पाणी मागवलं, गादीवर लोड लावून दिला आणि म्हणाला, "बहनजी, आप आराम से देखिए." मग नणंदेच्या सगळ्या साड्या मी पोट शेकत शेकत निवडल्या. रंग हिरवा की निळा हे त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नणंद अजून म्हणते, "वहिनी, तुमची पसंती तशी बरी असते, माझ्याच वेळेला काय झालं होतं तुम्हाला?"

काय झालं होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. शाळेत असल्यापासून दर महिन्याला मी दोन दिवस गुडघे पोटाशी घेऊन पडायची. आई म्हणायची, लग्न झालं की थांबेल. लग्न झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, मूल झालं की थांबेल. मूल झालं. मग डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अरे, ये तो हर औरत को होता है. एक और कर लो, ठीक हो जाएगा." आणि शेजारच्या पंजाबी काकू म्हणाल्या, चाळिशी उलटली की सगळं आपोआप बंद होतं. माझं दुखणं म्हणजे गाडीतला एक प्रवासी होता. त्याला सगळे जण पुढच्या स्टेशनवर उतरवायला निघाले होते आणि तो बसल्या जागी पाय पसरत होता.

मी काही काळ एका शाळेत शिकवत होते. दर महिन्याला सुट्टीचा अर्ज. कारण लिहायचं काय? ताप, पोट बिघडलं, पाहुणे, पुन्हा ताप. एकदा प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "आपको हर महीने बुख़ार आता है, कैलेंडर देख के?" स्टाफरूममध्ये सगळ्या हसल्या, मीही हसले. मला हसायला छान येतं. वर्ष संपलं तेव्हा नोकरी सोडली आणि घरी सांगितलं की मुलीकडे बघायला कोणी नाही. सासूबाई घरातच होत्या, त्यांना त्याचा राग आला. त्यानंतर कितीतरी दिवस कुकरची शिट्टी व्हायची तेव्हा मी रडून घ्यायची, म्हणजे आवाज शिट्टीत जायचा. तीन शिट्ट्यांत जेवढं रडू बसतं तेवढंच. भात एकदा गिचका झाला, तेव्हा मुलगी म्हणाली, "आई यार, आज इतक्या शिट्ट्या का?"

आता जे सांगायचंय ते सांगताना मी थोडी अवघडणार आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं सरकारी क्वार्टर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत सासूबाई आणि त्यांचा देव. मधलं दार धड लागायचं नाही, पावसाळ्यात फुगायचं आणि थंडीत आकसायचं. त्यामुळे आमचा संसार, म्हणजे ज्याला खरा संसार म्हणतात तो, रविवारी दुपारी व्हायचा. रविवारी जेवण झालं की सासूबाई मराठी मंडळाच्या भजनाला जायच्या, नातीला घेऊन. तिला भजन नको असायचं, पण तिथं साटोरी मिळायची. त्या जिना उतरल्या की हे वर्तमानपत्राची घडी घालून म्हणायचे, "जरा वामकुक्षी घ्यावी म्हणतो." एवढंच. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ह्यापलीकडचा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारलेला नाही.

आणि मला दुखायचं.

पहिल्यांदा थोडं दुखतं, हे मला लग्नाच्या आधी एका मावशीनं कानात सांगितलं होतं. पहिल्यांदा म्हणजे कधीपर्यंत, ते तिनं सांगितलं नव्हतं. मी वाट बघत राहिले. आत खोल कुठेतरी, डावीकडेच, सुरी नव्हे पण सुरीचा मागचा भाग दाबल्यासारखं. हे प्रेमळ, हळुवार माणूस. माझ्या तोंडातून हूं निघालं असतं तर तिथल्या तिथे उठून बसले असते. म्हणून मी हूं निघू द्यायची नाही. पलंगाच्या डाव्या हाताच्या भिंतीवर मराठी कॅलेंडर टांगलेलं होतं. मी मान तिकडे वळवायची आणि वाचायची. विनायकी, प्रदोष, कामिका एकादशी, दुर्गाष्टमी, भद्रा कितीला लागते, कितीला संपते. माझ्या इतक्या तिथ्या पाठ झाल्या होत्या की सासूबाई मंडळात कौतुकानं सांगायच्या, "आमच्या सुनेला पंचांग बघावं लागत नाही!" ह्यांच्याही ते लक्षात आलं होतं. एकदा हसून म्हणाले, "अगं, आत्ता काय तुला एकादशीचं पडलंय?" मी म्हटलं, "परवा आहे. साबुदाणा भिजवायला लागेल."

पण हे एवढंच सांगितलं तर ते अर्धं होईल. त्याच दुपारी, त्याच अर्ध्या तासात, मला बरंही वाटायचं. त्यांच्या मानेला येणारा साबणाचा वास. केसांतून फिरणारा हात, फायलींवर सह्या करणारा, शाई लागलेला. नंतर दोघांनी एक पेला पाणी अर्धं अर्धं पिणं. मी रविवारची वाट बघायची आणि रविवारला घाबरायचीसुद्धा. ह्या दोन गोष्टी एकाच बाईला एकाच वेळी होऊ शकतात, हे मला कुठल्याही मावशीनं सांगितलं नव्हतं.

मुलगी नववी-दहावीत असताना मी डिस्पेन्सरीच्या जिन्यात चक्कर येऊन पडले, म्हणून मला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पहिल्यांदा माझं सगळं ऐकून घेतलं. मला ह्याची सवय नव्हती. मी वाक्य अर्धवट सोडून थांबायची, की आता ती म्हणेल सगळ्याच बायकांना होतं. ती म्हणायची, "फिर?" तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, आणि पुढच्या वेळी तिनं ह्यांनाही आत बोलावलं. एका कागदाच्या मागे चित्र काढून दाखवलं. गर्भाशयाचं जे अस्तर आत असायला हवं, तसलंच काहीतरी बाहेर वाढतं, इकडे अंडाशयावर, तिकडे आतड्यावर, आणि दर महिन्याला तेही आतल्यासारखंच वागतं. रक्त येतं, सुजतं, एकमेकांना चिकटतं. एंडोमेट्रिओसिस. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या कॉलनीतल्या बाल्कन्यांसारखं. जिथे जागा मिळेल तिथे बाहेर काढलेलं." ती हसली. हेही हसले. तेवढ्यात तिनं सहज, चष्मा पुसत विचारलं, "और संबंध के वक़्त दर्द होता है?"

हे छताच्या पंख्याकडे बघायला लागले. मी नाही म्हणू शकले असते. इतकी वर्षं म्हणतच होते. पण ती बाई फिर म्हणायची ना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं, आणि विचारल्यावर खरं सांगावंसं वाटतं, त्याला काय करणार.

"होता है," मी म्हणाले.

"कब से?"

"शादी से."

पंखा फिरत होता. ह्यांची नजर पंख्यावरून खाली आली नाही.

परत येताना आम्ही मेट्रोत, लेडीज डबा आणि बाकीची गाडी जिथे जोडलेली असते तिथे उभे राहिलो. दिल्लीतली सगळी जोडपी तिथेच उभी राहतात. ती तिच्या डब्यात, तो त्याच्या, आणि मधे रबराची ती घडी. दोन स्टेशनं गेली. मग हे माझ्याकडे न बघता म्हणाले,

"दर वेळी?"

"काय दर वेळी?"

"तेच. तिनं विचारलं ते."

"दर वेळी नाही," मी म्हणाले.

दार उघडलं, माणसं चढली, दार लागलं. ते दरवाजावरच्या स्टेशनांच्या पट्टीकडे बघत होते, जणू आपल्याला कुठे उतरायचंय ते विसरलेत.

"म्हणून ते कॅलेंडर," ते म्हणाले.

मला सांगायचं होतं की अहो, बरंही वाटायचं. खरंच बरं वाटायचं. पण माझ्या बाजूला एक मुलगी कानात इअरफोन घालून उभी होती, त्यांच्या बाजूला एक सरदारजी पिशवीत फुलकोबी घेऊन उभे होते, आणि हे मराठीत सांगायचं म्हटलं तरी कोणत्या शब्दांत? वामकुक्षी मला आवडायची, असं? मी म्हटलं, "कोबी छान दिसतोय, आपण घेऊ या का जाताना?"

आम्ही कोबी घेतला.

घरी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कॅलेंडर काढून स्वयंपाकघरात नेऊन लावलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलंस, मला चतुर्थी बघायला बरं." भिंतीवर त्या जागी फिकट चौकोन राहिला. पुढच्या रविवारी जेवणं झाली, सासूबाई नातीला घेऊन जिना उतरल्या. मी पलंगावर बसून केस मोकळे करत होते. हे आत आले ते हातात पिशवी घेऊन. टॉवेलात नीट गुंडाळलेली, बूच दोनदा तपासलेलं. मला निजवलं, पिशवी पोटावर ठेवली.

"इथं?"

"थोडं डावीकडे," मी म्हणाले.

त्यांनी ती सरकवली, माझ्या अंगावर चादर घातली, आणि खुर्ची ओढून वर्तमानपत्र वाचत बसले. मला वाटलं, आजचा दिवस असेल.

तो आजचा दिवस कित्येक वर्षं चालला.

हॉर्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. माझं वजन वाढलं, चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या. मुलगी आणि मी एकच क्रीम वापरत होतो, ती वयात येत होती आणि मी बहुधा दुसऱ्यांदा. पण गोळ्यांनी फरक पडला. काही महिने सलग असे जायचे की दुखणं कुठल्या कुठे. त्या महिन्यांत मी रविवारी त्यांच्याकडे बघायची. त्यांना ते समजायचं की नाही, देव जाणे. ते स्वयंपाकघरात जायचे आणि मला गॅसच्या लायटरचा आवाज यायचा, टक, टक, टक. त्या आवाजानं माझ्या पोटात जे व्हायचं ते कुठल्या सोनोग्राफीत दिसलं नसतं. जून महिना, बाहेर लू, कूलर घरघरतोय, आणि मी पोटावर गरम पिशवी घेऊन घामानं निथळतेय. "इथं?" "थोडं डावीकडे." नको कसं म्हणणार? इतकं मन लावून आणलेली वस्तू.

मंडळाच्या हळदीकुंकवाला ही गोष्ट मुलीनं फोडली. "आमचे बाबा आईला रोज हॉट वॉटर बॅग भरून देतात!" सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. "अगंबाई! नशीब काढलंस हो." "आमच्याकडे गरम पाणी म्हणजे त्यांच्या दाढीचं, तेही मीच नेऊन द्यायचं." एकीनं तर वाण देताना माझ्या हाताला हात लावून कपाळाला लावला, गमतीनं. मी आपली तिळगुळाचा तुकडा चघळत हसत राहिले. बरोबरच होतं त्यांचं. मला खरोखरच चांगला नवरा मिळाला होता आणि त्याच्या चांगुलपणापर्यंत मला पोचता येत नव्हतं.

एकदा मी पिशवी लपवली. हो, ह्या वयात. पलंगाच्या बॉक्समध्ये, पानिपतच्या रजईच्या खाली. (आम्हा मराठी माणसांना पानिपतहून काही चांगलं मिळालं असेल तर ती रजई.) रविवारी जेवणं झाल्यावर हे पिशवी शोधायला लागले. बाल्कनीत बघितलं, बाथरूममध्ये बघितलं. "सापडत नाहीये गं." मी म्हटलं, "राहू द्या ना आज. या इकडे, बसा." इतकं धीट वाक्य मी आयुष्यात बोलले नव्हते. माझे कान गरम झाले होते. ते दारात उभे राहिले. क्षणभर मला वाटलं, येतील. मग म्हणाले, "नाही नाही, तू पड. मी आलो." आणि चपला घालून गेले. भर उन्हात, बाजारातली अर्धी दुकानं बंद असताना, कुठून तरी नवी पिशवी घेऊन आले. निळी. वर लोकरीचं विणलेलं कव्हर, त्याच्यावर सशाचं तोंड. लहान मुलांची होती. "दुसरी नव्हती," म्हणाले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. मी काय करणार? मी ससा पोटावर घेतला. हे खुर्चीत बसले. मला रडू आलं तर म्हणाले, "फार दुखतंय का?" मी म्हटलं, "हो."

मग फरीदाबादला आपला फ्लॅट झाला, सासूबाई त्याच वर्षी गेल्या, मुलगी हैदराबादला गेली. आता घराला दारं धड होती आणि त्यांच्या पलीकडे कोणी नव्हतं. आणि दुखणं पुन्हा उलटलं. ह्या वेळी गोळ्यांना जुमानेना. डॉक्टरीण आता तेवढी तरुण राहिली नव्हती, मीही नव्हते. ती म्हणाली, काढू या. गर्भाशय आणि डावं अंडाशय, त्याच्या आजूबाजूचं जे चिकटलंय ते सगळं. मुलगी सुट्टी काढून आली. ऑपरेशनच्या आधी माझ्या पायाशी बसून म्हणाली, "आई, तुला सॅड वाटतंय का? म्हणजे, मी होते ना तिथं." मी म्हटलं, "तू केव्हाच साटोरी खायला बाहेर पडलीस, आता तिथे काही नाही." ती हसली आणि माझ्या पायावर डोकं ठेवून रडली. तिला भजनातली साटोरी आता नीट आठवतही नव्हती.

जखम भरली. शेवटच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि म्हणाल्या, "बहुत अच्छा. आगे कभी थोड़ा-बहुत हो भी सकता है, पर अभी सब साफ़ है. अब दोनों आराम से रहिए. सब कुछ कर सकते हैं. सब कुछ. समझीं?"

"समझी," मी म्हणाले. वयाच्या मानानं फारच पटकन म्हणाले.

हे तेव्हा खाली औषधांच्या रांगेत उभे होते. म्हणजे सांगायचं काम माझ्यावर आलं.

मी रविवार निवडला. जानेवारीचा, धुकं निवळून खिडकीतून ऊन आत आलेला. वरण-भात, मेथीची भाजी, लिंबाचं लोणचं. पिशवी मी सकाळीच रिकामी करून, बूच उघडं ठेवून, बाल्कनीतल्या दोरीला उलटी टांगली होती, सशाचं तोंड खाली. जेवणानंतर गाऊन न घालता मऊ सुती साडी नेसले. हे भांडी विसळून हात पुसत आत आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कुठे जायचंय?"

"कुठे नाही."

"मग साडी?"

"सहज," मी म्हणाले. मग म्हणाले, "अहो, आता पिशवी नको. डॉक्टरीण म्हणाली, सगळं ठीक आहे. सगळं."

ते पलंगाच्या कडेवर बसले. त्यांच्या लक्षात आलं. कानांपर्यंत लाल झाले, करोल बागेत झाले होते तसे, फक्त आता केस पांढरे होते त्यामुळे जास्त दिसलं. "अच्छा," म्हणाले. मग हसले. "वामकुक्षी?"

"वामकुक्षी," मी म्हणाले, आणि आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे हसलो.

त्यांनी हात पुढे केला. माझ्या पोटावर ठेवला, साडीवरून, जिथे पिशवी ठेवायचे नेमका तिथे. त्या हाताला दुसरी जागाच माहीत राहिली नव्हती. "दुखतंय?"

"नाही."

हात थोडा सरकला. "आता?"

"नाही हो."

मी त्यांच्या जवळ सरकले. मानेला अजून तोच वास होता. मी कित्येक वर्षांनी त्यांच्या मानेपाशी तोंड नेलं होतं आणि मला काही म्हणजे काही दुखत नव्हतं, सगळे म्हणायचे ते पुढचं स्टेशन शेवटी खरंच आलं होतं. त्यांचा हात माझ्या पाठीवर आला, आणि थांबला.

"दुखलं?"

"अहो, नाही."

"तुझा चेहरा बघू."

मी चेहरा वर केला. हसरा ठेवला. तिथेच चुकलं. हसरा चेहरा ठेवायची मला फार वर्षांची सवय, आणि ती सवय त्यांना आता माहीत झाली होती. ते बघत राहिले. खरं हसू आणि ते दुसरं, ह्यातला फरक ते शोधत होते आणि त्यांना सापडत नव्हता.

"मला नाही कळत गं," ते म्हणाले. "तू तेव्हापण अशीच हसायचीस."

"आता खरंच नाही दुखत. शप्पथ."

"हो. हो, मला माहितीये." त्यांनी हात काढून घेतला आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट धरली. "पण मला तेच दिसतं. मी तेव्हा बघितलं नाही ना, तर आता दिसतं. तू भिंतीकडे तोंड करून वाचतेयस."

तेव्हा मेट्रोतच सांगायला हवं होतं ते मी आता सांगितलं. म्हटलं, "मला बरंही वाटायचं. मी रविवारची वाट बघायची." शब्द सापडायला एक अख्खा जन्म गेला आणि निघाले ते इतके साधे. त्यांनी मान हलवली, म्हणाले, "तू चांगली आहेस म्हणून म्हणतेस." माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आपण आजारी माणसाच्या डोक्यावरून फिरवतो तसा, आणि उठले.

मी खिडकीतल्या उन्हाकडे बघत पडून राहिले. ह्या खोलीत भिंतीवर काही लावलेलं नाही. इथे राहायला आल्यावर त्यांनी लावूच दिलं नाही, घड्याळसुद्धा. बाल्कनीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. मग स्वयंपाकघरातून टक, टक, टक.

मला वाटलं चहा.

ते आत आले. सशाच्या कव्हरला नीट बटण लावलेलं, बूच तपासलेलं. त्यांचे डोळे लाल होते आणि त्यांनी तोंड धुतलेलं होतं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, भांडले असते, निदान पिशवी बाजूला सारली असती. पण ते उभे होते, दोन्ही हातांत ती धरून, करोल बागेच्या जिन्यात पळत आलेल्या माणसासारखे, ज्याला एवढं एकच करता येतं आणि ते त्याला माझ्यासाठी करायचं आहे.

मी सरळ झाले आणि साडीचा पदर बाजूला केला. त्यांनी पिशवी हलकेच ठेवली.

"इथं?"

डॉक्टरीणबाईंनी काढून टाकलेली बाजू होती ती. तिथे आता काहीच नव्हतं.

"थोडं डावीकडे," मी म्हणाले.